राजवाड्यातल्या सांबारवड्या

बाई,

काल तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सगळे बोलले. कॉलनीतली मराठी मंडळी एकजात आली होती, विहारातले नेहमीचे लोक होते, आणि जिवंतपणी ज्यांना तुम्ही तोंडावर चार शब्द सुनावले होते त्यांनीही तुम्हाला मायेचा सागर वगैरे म्हणून घेतलं. 'वहिनी, तुम्ही दोन शब्द बोला' असा मला फार आग्रह झाला. मी उठले नाही. लोकांना वाटलं, कंठ दाटून आला असेल. पण खरं कारण वेगळं होतं. आपलं भांडण अर्ध्यावर राहिलंय, आणि माईक हातात धरून त्याबद्दल मी काय बोलणार होते?

म्हणून इथे लिहिते आहे. मी बोलत असताना तुम्ही मध्येच तोंड घालणार नाही, याची सवय मला अजून व्हायची आहे.

तुम्ही माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. ते बाई म्हणायचे, म्हणून मीही बाईच म्हणत आले. पल्लवीच्या वेळी बाळंतपणाला म्हणून वर्ध्याहून जयपूरला आलात, आणि रेल्वे क्वार्टरच्या त्या दोन खोल्यांत राहिलात त्या राहिलातच. तिकडे तुमची वाट पाहणारं कोणी उरलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तरी एकदा मी विचारलं होतं, परतीचं रिझर्व्हेशन बघायचं का? तुम्ही भाकरी थापता थापता म्हणालात की रेल्वे तर घरातच आहे, तिकिटाची एवढी काय घाई. पुढे मी बी.एड. केलं, शाळेत लागले, ते तुम्ही घरात होता म्हणून. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही लगेच चार जणींना सांगत सुटला असता.

पण स्वयंपाकघर एक आणि बायका दोन. मी नाशिककडची, माझी भाजी तुम्हाला आजाऱ्याची वाटायची. तुमच्या भाजीवर तेलाचा लाल तवंग पाहूनच माझ्या पोटात आग पडायची. शेवटी एकाच भाजीच्या दोन कढया व्हायला लागल्या. अजून हात तसाच चालतो. परवा दुसरी कढई गॅसवर चढवली, आणि मग लक्षात आलं की ही कोणासाठी?

पल्लवीला मराठी तुम्ही शिकवलं. त्यामुळे तिचं मराठी निम्मं वर्ध्याचं आणि निम्मं जयपूरचं झालं. 'मले मतलब भूक लागली' हे वाक्य आपल्या घराबाहेर जगात कुठे ऐकू येणार नाही. तिच्या कॉलेजातला हर्ष घरी यायला लागला तो तुमच्या सांबारवड्यांमुळे. थंडीत इथे कोथिंबीर, तुमच्या भाषेत सांबार, ढिगाने येते. तुम्ही ती निवडून, सुकवून, तीळ-खोबरं-खसखस घालून सारण करायच्या, आणि पारीत गुंडाळून खमंग तळायच्या. हर्ष स्वयंपाकघराच्या दारात उभ्या उभ्या खायचा. 'बुआजी, एक और' म्हणायचा आणि तुम्ही त्याच्यासाठी कडेच्या, जास्त खरपूस झालेल्या काढून ठेवायच्या. घरात खाण्यातलं कळणारा हा एकच माणूस येतो, असं तुम्ही माझ्या आणि तुमच्या भावाच्या तोंडावर म्हणायच्या. किती वर्षं तो येत होता. त्याने आपल्याला मात्र त्याच्या घरी कधी बोलावलं नाही, आणि ते कोणी बोललंही नाही.

मग दोघांनी लग्नाचं काढलं. हर्षचे वडील फौजेत होते, तो लहान असतानाच गेले. आई वैशाली नगरात राहतात, शाळेत शिकवतात, गावाकडे चौमूच्या पुढे जेठ, म्हणजे थोरले दीर, आणि मोठं राजपूत कुटुंब. आईंनी भेटायला बोलावलं ते राजवाड्यात. म्हणजे पूर्वीचा राजवाडा, आता मोठं हॉटेल. जयपुरात राहून आपण त्या भिंतीशेजारून सिटी बसने शेकडो वेळा गेलो असू, पण आत काय आहे ते कधी पाहिलं नव्हतं.

मला, खरं सांगते, बरं वाटलं. धडधडही होत होती. कुठली साडी, पायात काय, तिथे कपात साखर आपण घालायची की ते घालतात, असले प्रश्न. तुम्ही कोथिंबीर निवडत बसला होता. तुम्ही विचारलंत, "घरी काहून नाही येत ते?" मी म्हटलं, मोठ्या लोकांची रीत असेल. तुम्ही म्हणालात, पोरगी पाहायला माणसं पोरीच्या घरी येतात, बसतात, चार घास खातात. हॉटेलात कोण बोलावतं? मी म्हटलं, ती पाहायला येत नाहीये, पोरांनी आधीच ठरवलंय, तुम्ही प्रत्येक गोष्टीचं मूळ खणू नका. तुम्ही गप्प झालात. तुम्ही गप्प झालात की मला हायसं वाटायचं. त्या दिवशी वाटायला नको होतं.

सकाळी तळणाचा वास आला तेव्हाही मी समजले, हर्षला द्यायला केल्या असतील. टॅक्सीत तुम्ही पिशवी मांडीवर धरून बसलात. सोडाल्याच्या चौकातल्या गर्दीत गाडी अडकली, पल्लवी सारखी फोन बघत होती, तुमचे भाऊ शर्टाच्या कॉलरमध्ये बोट घालून मान फिरवत होते.

फाटकावर गाडीखाली आरसा घालून तपासलं. पुढे पायऱ्यांशी साफा बांधलेला, मिशांना पीळ दिलेला दरवान वाकून म्हणाला, "खम्मा घणी." तुम्ही हात जोडून म्हणालात, "जयभीम." तुम्ही सगळ्यांनाच तसं म्हणायच्या, दूधवाल्याला, पोस्टमनला, माझ्या शाळेतल्या मोठ्या बाईंना. दरवान शिकवलेला माणूस, तो तसाच हसत राहिला. पण मी तुमचा कोपर दाबला. तुम्ही माझा हात झटकलात.

मग पिशवी त्या मशीनमधून गेली आणि थांबली. पडद्यावर गोल स्टीलचा डबा दिसत होता. रक्षकाने नम्रपणे विचारलं, माताजी, यात काय आहे, बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. तुम्ही डोळ्याची पापणी न हलवता सांगितलंत की तुम्हाला शुगर आहे, डॉक्टरांनी घरचंच खायला सांगितलंय, नाहीतर चक्कर येते. शुगर कसली, रात्री जेवणानंतर गुळाचा खडा लागायचा तुम्हाला. त्याने पिशवी दिली. मी चालता चालता दातओठ खाऊन विचारलं, हे काय आहे? तुम्ही म्हणालात, "सांबारवड्या. पोराले आवडतात." डबा पिशवीबाहेर काढायचा नाही, अशी मी तुम्हाला तंबी दिली. तुम्ही 'हो' म्हणाला नव्हता, हे मला नंतर आठवलं.

व्हरांडा सुंदर होता, हे तरी तुम्ही कबूल कराल. पांढऱ्या कमानी, समोर हिरवळ, हिरवळीवर मोर आपल्या घरचेच असल्यासारखे फिरत होते. एक माणूस तर दिवसभर नुसता पांढरा झेंडा फडकवून कबुतरं हाकलत होता. ह्याचीही ड्यूटी असते का, असं तुम्ही माझ्या कानात विचारलंत. एरवी मी हसले असते.

हर्षबरोबर फक्त त्याच्या आई आल्या होत्या. फिकट साडी, डोक्यावर पदर, बोलणं हळू. त्यांनी आधी तुमच्या गुडघ्यांची चौकशी केली. त्या माणूस म्हणून चांगल्या वाटल्या, आणि आजही मी त्यांना वाईट म्हणणार नाही. एकटीने पोर वाढवलेली बाई, त्यात सासरचे सगळे डोळे लावून बसलेले. तीन मजली ताटल्यांत केक आणि छोटी सँडविचं आली. त्यांनी फक्त चहा घेतला. शाळेच्या गोष्टी झाल्या, थंडीच्या झाल्या. आता विचारतील, आता विचारतील म्हणून मी खुर्चीच्या कडेवर बसले होते. आपण कोण हे त्यांनी विचारलंच नाही. म्हणजे त्यांना ते माहीत होतं.

मग कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "देखिए, गाँव में जेठजी वग़ैरह से मैं अपने हिसाब से कह दूँगी। आप लोग महाराष्ट्र के हैं, बस। इससे ज़्यादा किसी को बताने की ज़रूरत नहीं है।" अगदी मऊ आवाजात, आपल्याच भल्याचं सांगावं तसं. लग्नही इथेच एखाद्या हॉटेलात लहानसं करू, घरी जाणं-येणं मागाहून सवडीने होईल, असंही म्हणाल्या. हर्ष चमच्याशी खेळत होता. पल्लवीने मान खाली घातली. तिला हे आधीपासून ठाऊक होतं की नव्हतं, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. तुमच्या भावांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. पोरीचं लग्न. ते इथे, या टेबलावर, आत्ता ठरतंय किंवा मोडतंय.

आणि तुम्ही पिशवीत हात घातलात.

डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज केवढा झाला. कोथिंबिरीचा आणि तळणाचा वास त्या सगळ्या व्हरांड्यात पसरला. शेजारच्या टेबलावरची गोरी माणसं वळून पाहायला लागली. तुम्ही हॉटेलच्या ताटलीतली सँडविचं सरकवून तिथे वड्या मांडल्या आणि ताटली हर्षच्या आईंसमोर धरलीत. तुमच्या त्या हिंदीत म्हणालात, घर का है, पोरीच्या घरचं काहीतरी खायला पाहिजे ना. वेटर आला, मॅडम बाहर का खाना, असं काही म्हणायला लागला आणि आपल्या सगळ्यांचे चेहरे पाहून थांबला. तो तिथेच उभा राहिला, जाईना पण.

त्या म्हणाल्या, "मेरा तो आज व्रत है, बुआजी।"

तुम्ही मान डोलावलीत. ताटली तशीच वळवून हर्षपुढे धरलीत. तुमचा हात जरासुद्धा हलत नव्हता. हर्षने वड्यांकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. त्यांनी काही खूण केली नाही, बाई, मी शपथेवर सांगते, त्या हिरवळीकडे बघत होत्या. तो म्हणाला, "अभी पेट भरा हुआ है, बुआजी। बाद में।"

झेंडा फडफडण्याचा आवाज तेवढा येत होता. पल्लवी हर्षकडे बघत होती, आणि मी पल्लवीकडे. आपलं पोरगं पहिल्यांदा पडतं तेव्हा ते रडायच्या आधी जसं क्षणभर बघतं, तशी ती बघत होती. तुम्ही ताटली खाली ठेवलीत, एक वडी स्वतः उचललीत आणि सावकाश खायला लागलात. मग पल्लवीने घेतली. मग तुमच्या भावांनी दोन. मीही घेतली, तुमच्यावरच्या रागाने. काय चव होती, आठवत नाही.

घरी आल्यावर मी जे बोलले ते सगळ्या कॉलनीने ऐकलं असेल. मी म्हटलं, तुम्ही पोरीचा संसार उभा राहायच्या आधी मोडलात. लोकांना चारचौघांत असं धरून परीक्षेला बसवतात का? बदलतात माणसं, पण हळूहळू बदलतात, त्यांना वेळ द्यावा लागतो. तुम्ही चप्पल काढून पाय चोळत बसला होता. "मी परीक्षा नाही घेतली वं सुनंदा," तुम्ही म्हणालात. "मी वाढलं."

मी म्हटलं, वाढायची ती जागा नव्हती. तुम्ही म्हणालात, "मंग कोणती होती? घरी तं ते येत नव्हते." मी कपडे वाळत घालायला गेले.

त्यानंतर आपण रोज थोडंथोडं भांडलो. भाजी चिरताना, टीव्ही लावताना, मध्येच कुठेही. त्यांचा खरंच उपास असेल, असं मी धरून बसले. इथल्या बायका कुठले कुठले उपास करतात, आपल्याला काय कळतं त्यातलं? त्यांनी सँडविचलाही हात लावला नव्हता. तुम्ही म्हणायच्या, आईचं सोड, तिचा असेल उपास. पोराचं पोट कशानं भरलं होतं ते सांग. इथे मी विषय बदलायची. पल्लवी आपल्या दोघींना काहीच बोलत नव्हती. हर्षचा फोन आला की गच्चीवर जायची आणि खाली आली की सरळ अंथरुणात शिरायची. लग्न ठरलेलंही नव्हतं आणि मोडलेलंही नव्हतं. घरात सगळे जपून पाय टाकत होते. मला तर झोपेतही दचकायला व्हायचं. आणि हे सगळं ज्यांनी केलं त्या तुम्ही मजेत वाटाणे सोलत होता.

वाटाणे सोलतानाच गेलात. अंगणात उन्हात चटईवर, मांडीवर परात. मी आतून विचारत होते की अजून किती राहिलेत, आणि तुम्ही उत्तर देईनात. मला वाटलं, रुसलात. म्हणून मी लगेच बाहेर आले नाही. लगेच आले असते तरी काही झालं नसतं असं डॉक्टर म्हणाले. शेजारच्या भाभीजींनी वाटाणे गोळा केले. मला तुमच्याजवळून उठवेना.

आता तुम्हाला जे माहीत नाही ते सांगते. हे सांगायलाच बसले होते, इतका वेळ लावला.

तुम्ही गेल्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी हर्ष त्याच्या आईला घेऊन आला. इथे दुःखाच्या घरी बसायला येतात तसे. म्हणजे त्या शेवटी आपल्या घरी आल्या, बाई, आणि तुम्ही नव्हता. खाली सतरंजीवर बसल्या. तुमच्या फोटोकडे, मग कोपऱ्यातल्या बुद्धमूर्तीकडे पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला. खोटं रडत नव्हत्या, ते मला कळतं. इकडे सुतकाच्या घरी कोणी पाणीसुद्धा घेत नाही, त्यामुळे मी विचारलं नाही, त्यांनाही काही म्हणावं लागलं नाही. सगळ्यांचीच सुटका झाली, असं मला वाटलं.

तेवढ्यात हर्ष उठला. सरळ स्वयंपाकघरात गेला. कॉलनीतून कोणीतरी वरण-भात पाठवला होता, तो त्याने स्वतः ताटात वाढून घेतला आणि ताट घेऊन आईच्या शेजारी येऊन बसला. आणि खायला लागला. मान वर न करता, मोठे मोठे घास, रडत रडत. त्याच्या आई आधी त्याच्याकडे बघत राहिल्या, मग त्यांनी खाली सतरंजीकडे पाहिलं. माझं काळीज एवढं उसळलं की काय सांगू. मनात म्हटलं, झालं, जमलं, बाई जिंकल्या, पोर आईसमोर जेवला. मी पल्लवीकडे पाहिलं, ती हसेल म्हणून.

ती त्याचं खाऊन होईपर्यंत थांबली. मग तिने पुढे होऊन त्याच्या हातातलं ताट घेतलं.

"उस दिन बुआ ने परोसा था, हर्ष," ती म्हणाली.

एवढंच. आवाज चढवला नाही. ताट मोरीत नेऊन ठेवलं आणि नळ सोडला. ते दोघं थोडा वेळ बसून गेले. दारात त्याच्या आईंनी माझे दोन्ही हात धरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना पल्लवी मला म्हणाली, "आई, मतलब, मी नाही म्हटलं त्याले." मी विचारलं, पक्कं का? ती म्हणाली, रडायला येते पण पक्कं आहे. मग रडली. मी तिला जवळ घेतलं, आणि खरं सांगते, मला तुमचा पुन्हा तितकाच राग आला. एवढी चांगली जोडी होती. त्याला अजून थोडा वेळ मिळाला असता तर? तुम्ही असता तर म्हणाला असता, किती वेळ द्यायचा? मी पुढे काही बोलले असते, तुम्ही पुढे काही. पल्लवी कंटाळून गच्चीवर गेली असती.

तर भांडण मिटलेलं नाही, बाई. तुम्ही बरोबर होता की नाही, यावर मी काही लिहून देणार नाही. पण डबा भरायच्या आधी तुम्ही मला सांगायला हवं होतं, यावर मी ठाम आहे. सांगितलं असतंत तर मी नको म्हटलं असतं, आकाशपाताळ एक केलं असतं, पिशवी हातातून हिसकावली असती. आणि मग तिथे, त्या टेबलावर, हर्षच्या आई तसं बोलल्यावर, कोण जाणे, मीच डबा उघडला असता.